अख्ख्या डुकराचं जेवण: गंगापूर धरणाकाठचं एक प्रकरण

हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना मी मेजवानीचं नियोजन शिकवतो. माणशी किती ग्रॅम, शेगड्या किती, वाढपी किती, हे सगळं तक्त्यात बसतं. पण एखादा पाहुणा हौसेने येतो, ताट हातात घेतो आणि दोन घासांनंतर ते हळूच खुर्चीखाली सरकवतो. त्याचं काय करायचं, याला तक्त्यात रकाना नसतो. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून काढलं आहे. यात कुणाचंही नाव नाही. माणसं नात्यानं आणि कामानं ओळखायची.

यजमान, भागीदार आणि तारीख

यजमान माझा जुना विद्यार्थी, मूळचा दिंडोरी तालुक्यातला. वडील खायच्या द्राक्षांची थॉमसन काढायचे. याने निम्म्या बागेत वाइनची शेनिन ब्लां आणि शिराझ लावली. १९९९ मध्ये सुला ही वाइन कंपनी उभी राहिली, आणि पुढच्या वर्षांत गंगापूर-सावरगाव रस्त्याचं रूपच पालटलं. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागायला लागली. त्या ओघात यानेही धरणाच्या अंगाला चार खोल्यांचं कृषी पर्यटन केंद्र काढलं. भागीदार वसईचा, ईस्ट इंडियन ख्रिस्ती, घरात मराठी बोलणारा. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या दोनशे वर्षांत तिकडच्या चुलीवर जे आलं ते चिमाजीअप्पांनी किल्ला घेतल्यावरही गेलं नाही. त्यांच्या लग्नाघरी सोरपोतेल असतं, इंदयाल असतं, दोन्ही बहुधा डुकराच्या मांसाचे पदार्थ. भागीदाराच्या लेखी अख्खं डुक्कर भाजणं म्हणजे सणाचं जेवण, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

यजमानाच्या घरी मात्र विचार करण्यासारखं बरंच होतं. आई माळकरी. भाऊबंद मटण खाणारे, पण डुकराचं नाव काढलं की तोंड वाकडं करणारे. बेत ठरला जानेवारीतल्या एका शनिवारचा, आणि तो नेमका पौष वद्य एकादशीच्या आगेमागे आला. त्या एकादशीला त्र्यंबकेश्वरला संत निवृत्तीनाथांची यात्रा असते. आठवडाभर आधीपासून दिंड्या रस्त्याला लागलेल्या असतात. आई एवढंच म्हणाली, "तुझं तुझ्यापाशी. पण वारकरी चाललेत, त्यांच्या वाऱ्यावर तुझा धूर नको." बेत फेब्रुवारीत गेला. तिथे महाशिवरात्र आडवी आली, म्हणून आणखी एक आठवडा इकडेतिकडे झाला. नाशिकमध्ये पंचांग न बघता मांसाहारी पंगत ठरवणारा माणूस एकतर नवखा असतो नाहीतर भांडखोर.

बोलावणी चाळीसेक जणांना गेली: वाइनच्या धंद्यातले लोक, यजमानाचे शाळासोबती, त्यांची कुटुंबं, पुण्याचे काही मित्र, बागेतली कायमची माणसं. द्राक्षांचे क्रेट पुरवणारे भाई घरच्यासारखे होते. त्यांना यजमानाने स्वतः जाऊन सांगितलं की त्या दिवशी हे असणार आहे. ते हसले आणि म्हणाले, "मग मी सकाळी चहाला येऊन जातो रे, दुपारचं तुमचं तुम्ही बघा." आले, चहा घेतला, गेले. इतक्या सरळपणे बाकी कुणाशीच बोलणं झालं नाही, आणि गाडी पुढे तिथेच अडली.

मांस कुठून आलं

भागीदाराच्या मनात आधी दूधपितं पिल्लू होतं, गोव्यात लेइतांव करतात तसं. ते रद्द झालं, आणि त्यामागे दयेपेक्षा कायदा जास्त होता. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या २००१ च्या कत्तलखाना नियमांप्रमाणे तीन महिन्यांहून लहान जनावर कापता येत नाही. गाभण मादी चालत नाही, आणि पशुवैद्यकाने तपासून योग्य ठरवल्याशिवाय कुठलंच जनावर चालत नाही. नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीत कापायचं तर परवाना असलेल्या कत्तलखान्यातच. मुलांना हा नियम मी आता या प्रकरणातूनच शिकवतो, कारण नुसता वाचून दाखवला तर वर्ग झोपतो.

शेवटी आणलं ते बंदिस्त फार्मवरचं, लार्ज व्हाइट यॉर्कशायरच्या संकरातलं, जिवंत वजन ४५ किलोच्या घरातलं जनावर. ही जात पूर्ण वाढली की शंभर किलोंच्या बरीच पुढे जाते, म्हणजे हे अजून वाढीच्या वयातलं. बोकडाची कातडी सोलतात. डुकराची ठेवतात. साधारण ६० ते ६५ अंशांच्या गरम पाण्यात बुडवून फक्त केस काढतात. डोकं आणि पाय धरून साफ केलेलं वजन भरलं ३३ किलो. बर्फात ठेवून, गोणपाटात गुंडाळून ते आदल्या रात्री केंद्रावर पोचलं. त्या शेतावरच्या एकाही माणसाने ते चालताना पाहिलेलं नव्हतं, ही गोष्ट लक्षात ठेवा.

पहिला रोस्ट

भाजायला भागीदाराचे मामा वसईहून आले होते. वय सत्तरीच्या पुढे, बोलणं कमी. पहाटे पाचला बाभळीचे निखारे पेटवले. निफाड-दिंडोरी पट्ट्यातली थंडी जाता जाता हात दाखवून जाते. वारा सुटला की धग उडून जाते, म्हणून वाऱ्याच्या बाजूला पत्रे लावले. गड्याने कौतुकाने द्राक्षाच्या मांडवाचा जुना जीआय पाइप आणला. मामांनी तो हातही न लावता परत पाठवला. जस्ताचा मुलामा असलेला पाइप तापला की त्याच्या वाफेने माणसाला ताप भरतो. साधा लोखंडी दांडा आला. पाठीचा कणा तारेने दांड्याला जागोजागी घट्ट आवळला, कारण मांस शिजून सैल झालं की जनावर दांड्याभोवती नुसतं लोंबतं आणि एकच बाजू जळते. पोटात लसूण, मिरी, ईस्ट इंडियन घरातला बॉटल मसाला, शिर्का घालून सुतळीने शिवलं. निखारे मधे नाही, दोन्ही टोकांना. खांदे आणि मांड्या जाड, त्यांना वेळ लागतो. पोटाखाली विस्तव ठेवला तर चरबी ठिबकून भडका उडतो. बागेतल्या छाटणीच्या काड्या वासासाठी टाकाव्यात अशी कुणीतरी टूम काढली. तेवढ्यापुरता मी मधे पडलो. ज्या वेलीवर वर्षभर मोरचूद आणि औषधं मारतो, तिच्या काड्यांचा धूर मांसाला कशाला?

स्वयंपाक म्हणून यात नाव ठेवायला जागा नव्हती. साडेबारा वाजता मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर घातला तर ७८ अंश. अमेरिकी कृषी खात्याची शिफारस अख्ख्या तुकड्यांसाठी ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विसावा एवढीच आहे. मामांनी खांदा ८८ पर्यंत नेला, कारण तिथल्या शिरा-पडदे विरघळून मऊ व्हायला तेवढं लागतंच. कातडी काचेसारखी वाजत होती.

मांडणीत मात्र सगळं बिनसलं होतं. शेगडी थेट फाटकाच्या तोंडाशी. गाडीतून उतरलेल्या माणसाला यजमानाच्या आधी डुक्कर दिसायचं. कुणीतरी तोंडात लिंबू खोचलं. पुण्याच्या पाहुण्यांतल्या एकाने आपला गॉगल काढून त्याच्या डोळ्यांवर चढवला, मग फोटोंसाठी रांग लागली. उष्णतेने ओठ आखडतात आणि दात उघडे पडतात. यजमानाची शाळेपासूनची मैत्रीण आपल्या सहावीतल्या मुलाला घेऊन उतरली तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, ते हसतंय का गं?"

या मैत्रिणीला पुढे ताई म्हणतो. खरं तर हे प्रकरण तिचंच आहे. बँकेत अधिकारी, राहायला कॉलेज रोडला. रविवारचं मटण स्वतः करते, काळ्या मसाल्यातलं. मुंडीचा रस्सा आणि पायाचं सूप हे तिच्या हातचं नावाजलेलं. हिला रक्तामांसाचं वावडं नाही. तिने ताट घेतलं, भाकरीबरोबर दोन घास खाल्ले, आणि उरलेल्या वेळात ताट नुसतं हातात धरून फिरली. ती एकटीच तशी होती असंही नाही. बरेच जण मटणाच्या पातेल्याकडे वळले, कुणी भरीत-भाकरीवर भागवलं. काहींनी फोटो काढले आणि खाल्लं नाही. संध्याकाळी सुमारे चार किलो शिजलेलं मांस उरलं. ३३ किलोंमधून हाडं आणि आटणं वजा जाता बारा-तेरा किलो हाती येतं, म्हणजे उरलं ते जवळजवळ तिसरा हिस्सा. यजमानाला वाटलं, चव जमली नाही. मामांना वाटलं, नाशिकच्या लोकांना कळत नाही.

ताईचं म्हणणं

नंतर कॉलेज रोडच्याच एका चहाच्या टपरीवर ताईशी निवांत बोलणं झालं. चव वाईट होती का, असं मी विचारलं. "चव चांगली होती सर, त्याचंच तर वाईट वाटलं," ती म्हणाली. वाईट लागलं असतं तर विषय तिथेच संपला असता.

मग ती तिच्या माहेरच्या जत्रेबद्दल बोलायला लागली. देवीला बोकड कबूल केलेला असायचा. चार दिवस आधी घरी आणून बांधायचे. ती आणि भाऊ त्याला बाभळीच्या शेंगा चारायचे. जत्रेच्या दिवशी हळदकुंकू लावायचं, अंगावर पाणी शिंपडायचं. त्याने अंग झाडलं की देवीने मानून घेतलं. मग बापे पलीकडे न्यायचे. पोरं रडायची, तीही रडलेली आहे. दुपारी पातेल्यात फोडी असायच्या आणि ती जेवायची. मुंडीचा मान ठरलेला, पुजाऱ्याचा वाटा ठरलेला, भाऊबंदांना निरोप गेलेले. त्या दिवशीचं त्या दिवशी संपवायचं. पाळणं, रडणं, वाटणं आणि खाणं यांचा क्रम पिढ्यांनी लावून दिलेला होता. तिला वेगळं काही ठरवावं लागत नव्हतं.

मला या प्रकरणातली किल्ली इथे सापडली. जत्रेत जनावर आधी जिवंत दिसतं, आणि ताटात येईपर्यंत त्याचा आकार मोडलेला असतो. धरणाकाठच्या रोस्टात नेमकं उलटं झालं. जिवंत कुणी पाहिलं नाही, आणि पानात पडेपर्यंत आकार जसाच्या तसा. जत्रेत दुःख करायला चार दिवस मिळतात. इथे दुःख, भूक आणि फोटो हे सगळं एका मिनिटात फाटकाशी उभं. "मी त्याला ओळखत नव्हते, आणि ते माझ्याकडे तोंड करून होतं," हे तिचं वाक्य मी जसंच्या तसं टिपून ठेवलं आहे.

जत्रेचं फार गोडगोड चित्र रंगवायचं नाही. त्या क्रमावरूनही वाद होत आलेत. आपल्याच जिल्ह्यात सप्तशृंगी गडावर दसऱ्याच्या बोकडबळीला २०१७ मध्ये बंदी आली आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली. दोन्ही बाजूंनी बोलणारे लोक मटण खाणारेच होते, हे माझ्या ओळखीपुरतं मी सांगू शकतो. क्रम असला म्हणून तो सगळ्यांना पटतो असं नाही. पण क्रम असला की निदान कशाशी भांडायचं ते ठरतं.

गॉगलचा विषय ताईने स्वतःहून काढला. मारण्यापेक्षा तिला ते जास्त लागलं. तिच्या वडिलांच्या घरी बोकड कापण्याआधी त्याच्यासमोर सुरी कुणी परजायचं नाही, अशी रीत होती. मेलेल्याची थट्टा ही तिच्या हिशेबात बसेना. मी यात पूर्णपणे ताईच्या बाजूचा आहे. पुढे वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, मेल्यावर त्याला काय फरक पडतो?" त्याला पडत नाही हे खरंच. फरक त्या जेवणाला पडला, आणि चार किलो मांस उरलं.

किळस कुठून येते

ताईच्या मनातली गाठ दयेची होती. बाकी अनेकांची किळसेची होती, आणि तिच्यात दोन धागे गुंतलेले होते. एक आजाराचा, एक जातीचा. लोक दोन्हीला एकच नाव देतात: "घाण खातं ते."

आजाराचा धागा पाहुण्यांतल्या एका निवृत्त डॉक्टरांनी तिथल्या तिथे सोडवायचा प्रयत्न केला होता. मोकाट फिरणारं डुक्कर उघड्यावरची विष्ठा खातं, त्यातून फीताकृमीची अंडी त्याच्या पोटात जातात आणि स्नायूंत गाठी होतात. असं मांस कच्चं राहिलं तर खाणाऱ्याच्या आतड्यात फीताकृमी वाढतो. पण लोक ज्याला "मेंदूत किडा जाणं" म्हणतात, फिट्स येतात, तो आजार मांस खाऊन थेट होत नाही. पोटात फीताकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी हाताने, पाण्याने, नीट न धुतलेल्या भाजीने दुसऱ्याच्या तोंडात गेली की होतो. जन्मात मांस न खाल्लेल्यालाही होतो. बंदिस्त फार्मवर माणसाच्या विष्ठेशी संबंध तोडला की साखळीच तुटते, आणि ७८ अंशांत गाठ असती तरी जगली नसती. मग कुणीतरी स्वाइन फ्लू काढला. २००९ मध्ये पुण्यात जी घबराट झाली ती आपल्याकडे अजून विसरलेली नाही. तो माणसाकडून माणसाला, खोकल्या-शिंकांतून पसरला होता, ताटातून नाही. आफ्रिकन स्वाइन फीवर २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आला आणि त्याने डुकरं पाळणाऱ्यांना बुडवलं, पण तो माणसाला होतच नाही. डॉक्टरांचं सगळं बरोबर होतं. ऐकणाऱ्यांनी मान डोलावली, आणि मटणाच्याच पातेल्याकडे गेले. किळस माहितीने जात नाही, हे डॉक्टरांनाही ठाऊक असावं. स्वतः त्यांनी भरपूर खाल्लं.

दुसरा धागा जास्त चिवट आहे. आपल्याकडे गावकुसाबाहेर डुकरं पाळली ती वडार आणि कैकाडी समाजातल्या अनेक घरांनी, आणि गावाने ती डुकरं आणि ती घरं दोन्ही हाताच्या अंतरावर ठेवली. केंद्रावर ट्रॅक्टर चालवणारा गडी वडार समाजातला. पहिल्या रोस्टच्या दिवशी त्याने पार्किंग सांभाळलं आणि संध्याकाळी भांडी उचलायला हात लावला. मला म्हणाला, "आमच्याकडं डुक्कर भाजलं की गल्लीतले लोक नाक धरून जायचे सर. शाळेत पोरं आमच्या शेजारी बसायची नाहीत. आणि इथं साहेबलोक त्याच्याबरोबर फोटो काढतायत." आवाजात राग नव्हता, गंमत वाटल्याचा सूर होता. त्यामुळे ते ऐकायला अधिक जड गेलं.

ज्यांनी ताटं खुर्चीखाली सरकवली त्यांतल्या काहींनी दया म्हणून सांगितलं, पण आत हे होतं, असं माझं मत आहे. यजमानाच्या चुलतभावाने तर ते बोलूनही दाखवलं: "गावात कळलं तर पोरीच्या लग्नाला अडचण." आणि ज्यांनी हौसेने खाल्लं त्यांतल्याही काहींना ते पचलं ते द्राक्षांच्या मांडवाखाली, वाइनच्या ग्लासाबरोबर होतं म्हणून. वस्तीवर कुणी तेच मांस पुढे केलं असतं तर हे हात पुढे झाले नसते. २०१९ च्या पशुगणनेत देशातली डुकरं ९०.६ लाख भरली, २०१२ पेक्षा १२ टक्क्यांनी कमी. सगळ्यात जास्त आसामात, जिथे ती घरोघरी पाळतात आणि कुणी नाक धरत नाही. किळस जनावराच्या अंगात असती तर ती सगळीकडे सारखी असती.

दुसरा रोस्ट

पुढच्या वर्षी यजमानाने पुन्हा करायचं ठरवलं आणि मांडणीसाठी मला बोलावलं. मामांशी पहिलाच वाद डोक्यावरून झाला. यजमान म्हणत होता की डोकं आधीच काढून टाकू, लोक बुजतात. मामा म्हणाले, "लपवायचं कशाला? मारलंय ना आपण? मग बघा." मला वाटलं होतं ताई यजमानाच्या बाजूने बोलेल. ती मामांच्या बाजूने बोलली. डोकं राहू दे, लिंबू आणि चष्मे नकोत, एवढंच तिचं म्हणणं.

शेगडी फाटकापासून उचलून शेडच्या मागे नेली. ज्याला बघायचं त्याने चालत जायचं, ज्याला नाही त्याच्या वाटेत काही येणार नाही. बोलावण्याबरोबर एक साधा कागद गेला: त्या दिवशी अख्खं डुक्कर भाजलं जाणार आहे. मटणाचा आणि शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत. खाली तीन रकाने: भाजायला येणार, खाणार, नुसते भेटायला येणार. हे तीन रकाने एवढं काम करतील असं वाटलं नव्हतं. चुलतभावाने "नुसते भेटायला" वर खूण केली आणि दिवसभर खुशीत पत्ते खेळला. आदल्या वर्षी तोच माणूस तासभर बहाणे सांगत फिरत होता. जनावर लहान आणलं, जिवंत वजन ३५ किलोंचं, कारण खाणाऱ्यांची संख्या आता कळलेली होती. रात्री एक वाटीभर उरलं.

एक गोष्ट मात्र फसता फसता राहिली. मांस सोडवायचं काम ट्रॅक्टरवाल्याला द्यावं, सांधे त्याला जेवढे कळतात तेवढे इथे कुणाला कळत नाहीत, अशी कल्पना भागीदाराने काढली. सगळ्यांना ती सन्मानाची वाटली. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "भाऊ, मला जेवायला बोलवा. सुरी देऊन पुन्हा तेच काम नका देऊ." भागीदार गडबडला, कारण त्याच्या मनात तसं काही नव्हतं. नसलं तरी अर्थ तोच होत होता. मग ट्रॅक्टरवाला बायको-मुलांसह पाहुणा म्हणून आला, टेबलाशी बसला, आणि मामांनी कातडीचा पहिला तुकडा त्याच्या आईच्या ताटात वाढला. तिने चावून पाहिला आणि मीठ कमी आहे असं सांगितलं. मामांना ते पटलं नाही.

मधल्या काळात ताईने स्वतःहून एक गोष्ट केली होती. भागीदाराबरोबर ती फार्मवर जाऊन आली, मुलालाही घेऊन. जनावर आधी जिवंत पाहिलं तर जत्रेसारखं सोपं होईल, असा तिचा अंदाज होता. सोपं झालं नाही. डुक्कर हुशार जनावर. कळपातल्यांना वेगवेगळं ओळखतं, पटकन शिकतं, माणसाच्या मागे मागे येतं. एकाने तिच्या ओढणीचं टोक हुंगून धरून ठेवलं. घरी आल्यावर दोन रविवार मटणही झालं नाही, नवरा वैतागला. "बोकडही ओळखायचा की मला. तेव्हा देवी होती मधे," असं ती म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि तिला ते नकोही होतं.

तरी दुसऱ्या रोस्टला पहाटे साडेपाचला ती आणि मुलगा हजर होते. मुलाने दोन तास दांडा फिरवला. ताईने मिठाच्या पाण्याचा हात कातडीवर फिरवला, मामांनी दाखवलं तसा, केसांच्या दिशेने. दुपारी तिने बरगडीजवळचं थोडं मांस खाल्लं, ताट धुऊन ठेवलं. मुलाने खाल्लं नाही. दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही. सासूबाईंना या सगळ्यातलं काही माहीत नाही, हे तिने मला दोनदा सांगितलं, म्हणजे मी लिहिताना काळजी घ्यावी.

वर्गात या प्रकरणावर चर्चा झाली की मुलं विचारतात, दुसरा रोस्ट यशस्वी म्हणायचा का. उरलेल्या मांसावरून मोजलं तर हो. ताईच्या मनावरून मोजलं तर ती पहिल्यापेक्षा जास्त अडकलेली आहे. फक्त आता ती फाटकाशी गाठून अडकवलेली नाही, स्वतः चालत गेली आहे. मेजवानी लावणाऱ्याच्या हातात तेवढंच असतं असं मी मानतो. पाहुण्याची गाठ सोडवणं हे आपलं काम नाही, ती त्याच्या तोंडावर करकचून आवळणं टाळता येतं. धंद्याच्या पाहुण्यांसाठी, म्हणजे पैसे भरून आलेल्या अनोळखी लोकांसाठी, अख्खं जनावर ठेवू नये, खांदा किंवा मांडी भाजावी, हा माझा यजमानाला सल्ला होता. त्याने तो ऐकला. घरच्या बेताला मामा अख्ख्याशिवाय येणार नाहीत.

तिसऱ्या वर्षीचा कागद गेल्या आठवड्यात फिरला. चुलतभावाची खूण त्याच्या नेहमीच्या रकान्यात आहे. ट्रॅक्टरवाल्याच्या आईने खालच्या मोकळ्या जागेत नातवाकडून लिहून घेतलंय की या खेपेला मीठ ती घालणार. ताईने "भाजायला येणार" वर खूण केली आहे, आणि "खाणार" च्या चौकटीत प्रश्नचिन्ह काढलं आहे.